प्रश्नमंजूषेची कैफियत

महाविद्यालयांतील सामान्यज्ञानाच्या स्पर्धा आता आवरत्या घ्याव्यात, असा एक विचार आमच्या अक्कलकोट तालुक्यातील शिकल्यासवरल्या मंडळींत अलीकडे बळावत चालला आहे. आणि तो बोलून दाखविणारी माणसे विद्येची वैरी नसून, उलट बहुधा चांगली वाचलेली, मुलांच्या हिताची खरी कळकळ बाळगणारी आणि वर्गात मन लावून शिकविणारी असल्यामुळे, त्यांच्या म्हणण्याकडे कानाडोळा करून स्वस्थ बसणे मला प्रशस्त वाटत नाही. बक्षीससमारंभास प्रमुख पाहुणे म्हणून यावयाचे, विजेत्यांच्या हाती ढाल द्यावयाची, आणि भाषणात मात्र ज्या खेळाची ती ढाल तो खेळच निरर्थक असल्याचे सांगावयाचे, असा प्रकार आता रूढ होऊ पाहत आहे. समोर बसलेल्या पोरांनी त्यावर टाळ्या वाजवाव्यात, ही त्यांची सभ्यता. पण त्यांच्या वतीने कोणीतरी जबाब दिला पाहिजे.

फिर्याद, तिच्यातील अलंकार वजा केले असता, अशी आहे. प्रश्नमंजूषेत विचारले जाते तो ज्ञानाचा निव्वळ भुसा होय. अमुक धरण कोणत्या नदीवर, तमुक पुरस्कार कोणास, पहिला कोण आणि उंच कोणता, अशा परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या तुकड्यांनी डोके भरून घेतल्याने विचारशक्ती वाढत नाही, फक्त उत्तर देण्याची घाई तेवढी अंगी बाणते. शिवाय हे तुकडे घोकंपट्टीने मिळतात, आणि घोकंपट्टी ही आपल्या शिक्षणाची जुनी खोड असून ती मोडण्याऐवजी तिला चषक देणे म्हणजे रोगाला खुराक देणे होय. आणि शेवटचे कलम, ज्यावर सर्वांचा भर असतो, ते असे की हे सारे आता खिशातल्या मोबाइलवर क्षणार्धात मिळते. सबब जे यंत्राकडून होते त्यासाठी माणसाने आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची घालू नयेत. पूर्वपक्ष मी माझ्या सोयीसाठी दुबळा करून मांडलेला नाही. प्रत्यक्ष भाषणांत तो असतो त्याहून थोडा नेटकाच मांडला आहे.

या फिर्यादीत गुन्हा खरा आहे, आरोपी मात्र भलताच धरला आहे. आमच्या भागातील शाळेची सहल बहुधा विजापूरला जाते. महंमद आदिलशहाच्या कबरीवर सतराव्या शतकाच्या मध्यास उभारलेला तो प्रचंड घुमट पाहावयाचा, वरच्या सज्जात उभे राहून टाळी वाजवावयाची, पडसाद मोजावयाचे, आणि इतके झाले की गुरुजी सांगतात ते वहीत उतरून घ्यावयाचे : जगातील दुसऱ्या क्रमांकाचा घुमट. हे वाक्य वहीतून मार्गदर्शिकेत, मार्गदर्शिकेतून प्रश्नपत्रिकेत आणि प्रश्नपत्रिकेतून विजेत्याच्या तोंडी जाते, आणि साऱ्या वाटेत त्याला अडवून कोणी विचारीत नाही की बाबा रे, दुसरा म्हणजे कोणत्या मापाने दुसरा? बाहेरून मोजला तर गोल घुमटाचा व्यास सुमारे ४४ मीटर भरतो. परंतु कवचाची जाडी वजा करून आतून मोजला तर तो ३८ मीटरांच्या आसपास उतरतो. आणि आतूनच मोजावयाचे ठरले, तर रोममधील पँथिऑन, जे विजापूरच्या आधी दीड हजार वर्षे उभे होते, ते ४३ मीटरांचे आहे, व सेंट पीटर्सचा घुमटही ४१ मीटरांच्या पुढे जातो. म्हणजे या मापाने तो दुसरा ठरत नाही. मग त्याचे मोठेपण खोटे की काय? तसेही नाही. मध्ये एकही खांब न देता त्या घुमटाखाली जी चौरस जमीन झाकली गेली आहे ती १३५ फूट लांब व तितकीच रुंद, म्हणजे १८,२२५ चौरस फूट आहे, आणि पँथिऑनची भरते १५,८३३. या हिशेबाने विजापूर रोमलाही मागे टाकते; जुन्या इंग्रज वास्तुविशारदांनी त्याची थोरवी गायिली ती या हिशेबाने, आणि एकमेकींना छेदीत जाणाऱ्या ज्या आठ कमानी खालच्या चौकोनाला वर जाता जाता वर्तुळ करून टाकतात त्यांच्या कौशल्यासाठी. आता आजच्या पोलादी छपरांचा जमाना धरला, तर सिंगापूरच्या क्रीडागाराचा २०१४ साली पुरा झालेला घुमट ३१० मीटरांचा आहे, आणि मग ‘दुसरा’ हा किताब कोणत्याच मापाने शिल्लक राहत नाही.

आक्षेपक येथे हर्षभरित होऊन म्हणतील की हेच तर आम्ही सांगत होतो. पाठ केलेले उत्तर खोटे निघाले, मग पाठ करण्यात हशील काय? त्यांनी जरा दम धरावा. हे उत्तर खोटे आहे हे आपणास कळले कशाने? पँथिऑनचा व्यास किती, या दुसऱ्या एका क्षुल्लक म्हणून हिणविल्या गेलेल्या आकड्याने. ज्याला तो आकडा ठाऊक नाही त्याला ‘जगातील दुसरा’ ऐकून फक्त मान डोलाविता येते. ज्याला ठाऊक आहे त्याच्या मनात तत्क्षणी खट्‌कन काहीतरी वाजते. चिकित्सा चिकित्सा म्हणून जिचा इतका गौरव केला जातो ती रिकाम्या डोक्यात उगवत नाही, तिला दोन माहित्यांची टक्कर व्हावी लागते. आणि टक्कर व्हावयास दोन्ही माहित्या एकाच वेळी एकाच मस्तकात हजर असाव्या लागतात. दोष आहे तो ज्याने माप गाळून नुसता क्रमांक विचारला त्या प्रश्नकर्त्याचा. तो दोष मी अजिबात झाकू इच्छीत नाही. किंबहुना या स्पर्धांचे हितचिंतक म्हणून आम्ही त्याच्यावर आक्षेपकांपेक्षा जास्त कडक कारवाई मागतो. पण कारकुनाने जमाखर्चात घोळ केला म्हणून कोणी हिशेबच रद्द करीत नाही.

घोकंपट्टीचे कलम आता घेऊ, कारण त्यात आमच्या आक्षेपकांचा स्वर सर्वांत उंच लागतो. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी ज्यांनी लहानपणी भिंतीला टेकून म्हटली, ती दुधनीच्या अडत बाजारातील जुनी माणसे अजूनही तुरीचा सौदा होता होता, वजनकाट्यावरून नजर न काढता, पावणेतीन क्विंटलांचा हिशेब तोंडाने सांगून मोकळी होतात. विचार करण्याची शक्ती त्यांच्या पाठांतराने खुंटली असे मला तरी दिसलेले नाही. खुंटली असती तर भावाच्या घासाघिशीत ती अशी भारी पडली नसती. पाठ केलेली गोष्ट विचाराच्या आड येते ती तिच्याकडून काही काम घेतले नाही तर. याचे प्रमाण देण्यासाठी मी जो दाखला निवडीत आहे तो मुद्दाम अगदी कुचेष्टेचा विषय झालेला आहे : प्रभव, विभव, शुक्ल असे सुरू होऊन अक्षयाशी संपणारी साठ संवत्सरांची नावे. ही नावे आज कोण पाठ करतो, आणि कशासाठी करावीत? एका शिलालेखासाठी.

मराठीतील आद्य शिलालेख कोणता, हा प्रश्न महाराष्ट्रातील कोणत्याही प्रश्नमंजूषेत विचारला जातोच; आणि त्याचे पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेले उत्तर म्हणजे श्रवणबेळगोळ, गोमटेश्वराच्या पायाजवळचा लेख, शके ९०५, इसवी सन ९८३. बझर दाबावयाचा, हे म्हणावयाचे, दहा गुण घ्यावयाचे. वास्तविक त्या पायाजवळ मराठीच्या दोन ओळी आहेत. एकीत ती मूर्ती करविणाऱ्या चामुंडरायाचा उल्लेख आहे, जो गंग राजांचा मंत्री होता; दुसरीत भोवतालचे आवार बांधविणाऱ्या गंगराजाचा, जो होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकाच्या आरंभीचा माणूस. दुसरी ओळ ९८३ सालची असणे तर शक्यच नाही. आणि पहिलीही तिच्याच सोबत, मूर्ती घडल्यानंतर शतकाहून अधिक काळाने, कोरली गेली असावी असे काही संशोधकांचे मत आहे. खुद्द मूर्तीच्या सालाविषयीही एकवाक्यता कोठे आहे? तिची सहस्र वर्षे झाली म्हणून महामस्तकाभिषेकाचा मोठा सोहळा झाला तो १९८१ मध्ये. दुसरा दावेदार अलिबागजवळच्या आक्षीचा लेख. तो शके ९३४ चा म्हणून वाचला गेला, परंतु तेथील आकडे निराळे वाचून त्याला सुमारे दोनशे वर्षे अलीकडे आणणारे वाचकही आहेत. आणि तिसरा दावेदार आमच्या शेजारच्या दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर, हत्तरसंग कुडल येथे, संगमेश्वराच्या देवळात आहे. सोलापूरचे शिलालेखसंशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यात शके ९४० हा आकडा आहे, आणि कालयुक्त हे संवत्सराचे नाव आहे.

आता ती साठ नावे कामाला लावू. दक्षिणेत चालत आलेला नियम असा की शकाच्या आकड्यात १२ मिळवावेत, बेरजेस ६० ने भागावे, आणि बाकी उरेल त्या क्रमांकाचे संवत्सर समजावे. ९४० अधिक १२ म्हणजे ९५२. साठाने पंधरा वेळा भाग जाऊन बाकी उरते ५२. आणि प्रभवापासून मोजीत गेले असता बावन्नावे नाव येते कालयुक्त. कोरक्याने आकडा आणि नाव अशा दोन साक्षी ठेवल्या होत्या, त्या हजार वर्षांनंतर एकमेकींशी तंतोतंत जुळल्या. हा पडताळा पाहण्यास ना विद्यापीठाची पदवी लागते, ना यंत्र. मैंदर्गीच्या एखाद्या अकरावीतल्या मुलीने नावे पाठ केलेली असली तर ती देवळाच्या ओट्यावर बसून बोटांच्या पेरांवर तो करू शकते. तिने आणखी एक माहिती लक्षात ठेवली असेल, की शके अधिक ७८ म्हणजे इसवी सन हा ठोकताळा वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांना लागू पडतो, आणि माघ-फाल्गुनातील मिती असेल तर ७९ मिळवावे लागतात, तर उत्तरपत्रिकेत छापलेल्या १०१८ या आकड्यावरही ती हरकत घेईल, व मिती दाखवा म्हणून हटून बसेल. आक्षेपकांना जी विचारशक्ती हवी आहे ती याहून निराळी कशी असते, हे त्यांनी मला समजावून सांगावे. त्या लेखात शेवटी, जो वाचील तो विजयी होईल, अशा आशयाचे शब्द आहेत. बझर अगोदर दाबणाऱ्याविषयी त्यात काही वचन दिलेले नाही, ही गोष्ट स्पर्धेच्या चालकांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

आणि या प्रश्नाला आमच्या गावी आणखी एक पदर आहे, जो पुण्यामुंबईच्या प्रश्नपेढीत सापडणार नाही. मैंदर्गीत घरोघरी बोलली जाते ती बहुतांशी कन्नड; शाळा, कचेरी आणि नगरपरिषदेची नोटीस मराठीत; बाजारात दोन्ही, आणि त्यांच्या जोडीला दखनी उर्दू. श्रवणबेळगोळच्या त्या पायाशी मराठीच्या ओळींशेजारी कन्नड आणि तमिळ ओळीही आहेत, एकाच दात्याविषयी आणि एकाच कामाविषयी. मराठीचा म्हणून मिरविला गेलेला सर्वांत जुना लेख कन्नड मुलखाच्या ऐन मध्यावर, हासन जिल्ह्यात. त्याच जिल्ह्यात कन्नडचा जुना हल्मिडीचा लेख, जो पाचव्या शतकातला मानतात. आणि अमोघवर्षाच्या दरबारात नवव्या शतकात सिद्ध झालेला कविराजमार्ग हा ग्रंथ, जो कन्नडचा प्रदेश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगतो, तो ज्या मान्यखेटात जन्मला ते मळखेड आमच्यापासून काही फार दूर नाही, शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. ही प्रत्येक गोष्ट सुटी करून विचारली तर एका ओळीचा प्रश्न आहे. परंतु त्या सर्व एका मुलाच्या डोक्यात एकत्र आल्या म्हणजे त्याला घरची भाषा आणि शाळेची भाषा यांच्यामध्ये जी भिंत आहे असे सांगण्यात येते, तिच्या चिऱ्यांवर दोन्ही बाजूंनी कोणी काय कोरून ठेवले आहे ते दिसू लागते. सुटे तुकडे म्हणून ज्यांची हेटाळणी होते ते तुकडे सुटे राहतात ते ज्याच्याजवळ दोनच आहेत त्याच्यापाशी.

सीमावादावरील महाजन आयोगाचा प्रश्न तर मी आक्षेपकांना खास नजर करतो. हा आयोग कोणत्या साली नेमला गेला? १९६६. पुण्याच्या संघाला याचे पाच गुण मिळतात आणि संघ पुढच्या प्रश्नाकडे वळतो. मैंदर्गीच्या मुलाला मात्र हे साल ठाऊक असणे म्हणजे स्वतःच्या घराच्या उताऱ्यावरील नोंद ठाऊक असणे होय. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर केंद्र सरकारने निवृत्त सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग बसविला; १९६७ च्या ऑगस्टात त्याचा अहवाल आला; त्याने निपाणी-खानापुरासह २६४ गावे महाराष्ट्रास आणि २४७ गावे पलीकडच्या राज्यास द्यावीत असे सुचविले, आणि त्या २४७ मध्ये आमचा अक्कलकोट तालुका सगळाच्या सगळा होता. पलीकडच्या राज्याचे नाव त्या वेळी म्हैसूर होते, कर्नाटक हे नाव १९७३ सालचे; प्रश्नकर्ते येथेही सर्रास घसरतात. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, अंमल झाला नाही, २००४ साली राज्याने सर्वोच्च न्यायालयात दावा गुदरला, आणि आम्ही आहोत तेथेच राहिलो.

आता पाहा की या जुजबी माहितीचे मोल केव्हा कळते. २०२२ च्या नोव्हेंबर महिन्यात कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी अक्कलकोट आणि सोलापूर यांच्यावर उघड हक्क सांगितला, आणि इकडून तितक्याच तावातावाने प्रत्युत्तरे गेली. अशा वेळी सीमेवरच्या गावात अफवांना पीक येते : तालुका तिकडे गेला, हुकूम निघाला, आता सातबारा कन्नडात येणार, आयोगाने तर केव्हाच निकाल दिला आहे. ज्याने कधी प्रश्नमंजूषेच्या निमित्ताने का होईना, राज्याच्या सीमा बदलण्याचा अधिकार संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदाप्रमाणे संसदेचा आहे, आयोग करतो ती शिफारस असते, आणि मुख्यमंत्र्याच्या भाषणाने, मग तो कोणत्याही बाजूचा असो, एक गुंठाही हलत नाही, एवढे पाठ केलेले आहे, तो चहाच्या टपरीवर बसून चार माणसांची झोप वाचवू शकतो. हे काम विचारशक्तीचे की स्मरणशक्तीचे, याची वाटणी करीत बसण्यास त्या घटकेला कोणापाशी सवड नसते.

राहता राहिला मोबाइल. खिशात ग्रंथालय आहे, मग डोक्यात कशाला, हे वाक्य ऐकावयास मोठे चटकदार आहे आणि त्यात एक चलाखी दडलेली आहे. यंत्र उत्तर देते खरे, पण विचारल्यावर; आणि विचारावयाचे सुचण्यासाठी अगोदर शंका यावी लागते. उलट खोटी माहिती ही न विचारता येते, सकाळी सुप्रभाताबरोबर येते, आणि ती ज्या काकांकडून किंवा मेहुण्यांकडून आलेली असते त्यांचा मान राखण्यासाठी आपण ती खरी मानून पुढे धाडतो. युनेस्कोने आपले राष्ट्रगीत जगात सर्वोत्कृष्ट ठरविले, हा मजकूर कित्येक वर्षे असाच फिरत आहे. असे काही युनेस्कोने कधीच ठरविलेले नाही. हॉकी हा आपला राष्ट्रीय खेळ, असे तर पाठ्यपुस्तकांच्या तोंडी बसलेले वाक्य. परंतु २०१२ साली माहितीच्या अधिकारात विचारणा झाली तेव्हा केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने कोणत्याही खेळास असा दर्जा दिलेला नसल्याचे लेखी कळविले. दोन्ही गोष्टी मोबाइलवर तपासता येतात, हे मला मान्य आहे. किती जणांनी तपासल्या? ज्यांना युनेस्को काय करते आणि काय करीत नाही याची थोडीतरी कल्पना होती, त्यांनी. बाकीच्यांच्या हातात तेच यंत्र होते.

याच ओघात एका आक्षेपाचा परामर्श घेतला पाहिजे, जो मोठ्याने बोलला जात नाही पण मनात असतो : हा खेळ इंग्रजी शाळांतल्या शहरी मुलांचा, आपल्या खेड्यातल्या पोरांनी त्याच्या नादी लागू नये. जन्म त्याचा शहरी आणि इंग्रजी, यात वाद नाही. कलकत्त्यात १९६७ साली नील ओब्रायन यांनी पहिली खुली स्पर्धा घेतली. हमीद सयानी आणि त्यांच्यामागून अमीन सयानी यांनी बोर्नव्हिटाची स्पर्धा रेडिओवरून घरोघर नेली. दूरदर्शनवर १९८५ मध्ये सिद्धार्थ बसू आले. ही सारी मंडळी गुणी होती, परंतु अक्कलकोट-दुधनीच्या मुलाला त्यांच्या प्रश्नातले निम्मे उच्चारच कळत नसत. पुढे २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’ने हिंदीतून दार उघडले आणि पहिला कोट्यधीश झाला तो हर्षवर्धन नवाथे हा मुंबईचा मराठी तरुण, मराठीतही असाच कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. पण मला या संदर्भात आठवण होते ती अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथील बबिता ताडे यांची. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजविण्याचे काम करणाऱ्या या बाईंनी २०१९ साली एक कोट रुपये जिंकले, आणि ज्या प्रश्नावर जिंकले तो बहादूरशहा जफरच्या दरबारातील कोणत्या कवीने ‘दास्तान-ए-गदर’ लिहिले असा होता. जहीर देहलवी हे नाव आमच्या प्रमुख पाहुण्यांपैकी किती जणांना सांगता आले असते, हा प्रश्न मी येथे शिष्टाचार म्हणून विचारीत नाही. घरात पुस्तकांची कपाटे नसलेल्या, प्राध्यापकांच्या ओळखी नसलेल्या माणसाला ज्ञानाच्या दरबारात उभे राहण्यास जी थोडी उघडी दारे आहेत त्यांपैकी हे एक आहे. दालन फार भव्य नाही म्हणून तेही बंद करा असे म्हणणारांची स्वतःची दालने बहुधा वडिलोपार्जित असतात.

पैशाच्या लोभाविषयी जे बोलले जाते त्याला उत्तर देण्याची गरज नाही. तालुक्याच्या स्पर्धेत एक ढाल, दोन पुस्तके आणि पोह्यांची एक बशी मिळते.

तेव्हा स्पर्धा बंद करण्याची दरखास्त नामंजूर व्हावी, अशी माझी विनंती आहे. मात्र आहे तशीच ती चालू ठेवा असेही मी म्हणत नाही. सोलापूरला २००४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे आणि त्याच्या हद्दीत हा एकच जिल्हा येतो. इतक्या आटोपशीर मुलखात प्रश्न तयार करताना विजापूरच्या घुमटाचे माप, कुडलच्या लेखाचा शक, १९३० च्या मे महिन्यात सोलापूरने पाहिलेला लष्करी कायदा आणि त्यापायी १९३१ च्या १२ जानेवारीस येरवड्यात फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा ही चार नावे मार्गदर्शिकेतून उतरून घेण्याचे काही कारण नाही. ती जागेवर जाऊन, दप्तर पाहून, माप घेऊन विचारता येतात. प्रत्येक प्रश्नाच्या खाली प्रश्नकर्त्याने आपला पुरावा लिहून द्यावा, आणि उत्तर एकच आहे की वादग्रस्त आहे तेही लिहावे. पहिला भारतीय चित्रपट कोणता, असे विचारून फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’ला गुण देणाऱ्याने, १९१२ च्या मे महिन्यात मुंबईस दाखविला गेलेला तोरण्यांचा ‘पुंडलिक’ का धरला नाही, त्याचे कारण दोन ओळींत जवळ ठेवावे. तो रंगमंचावरच्या नाटकाचे चित्रण होता, हे कारण एखाद्या संघाला पटणार नाही. त्या संघाला बोलू द्यावे. हरकत घेण्याचा हक्क प्रत्येक संघाला असावा, आणि जी हरकत साधार ठरेल तिला मूळ उत्तराच्या दुप्पट गुण द्यावेत, मग मुले पाठांतराबरोबर पुरावेही गोळा करू लागतील.

यावर चालकांची एक तक्रार मला आधीच ऐकू येत आहे. अशा हरकती ऐकत बसलो तर दुपारी सुरू झालेली स्पर्धा रात्रीपर्यंत आटोपणार नाही, बाहेरगावच्या संघांची एस.टी. चुकेल, आणि मुली बरोबर असल्यास पालक आम्हालाच जाब विचारतील. तक्रार रास्त आहे. स्पर्धा सकाळी नवाला सुरू करावी, आणि प्रमुख पाहुण्यांचे भाषण ठेवू नये.